खिळ्याला टांगलेली अंगठी

अंगठी फिरवून कौल देणाऱ्या अंगठीबाबांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आईची ती शेवटची संध्याकाळ ठरेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचे हात नेहमीसारखे आपोआप झटके देत होते. तिच्या आईचेही असेच उडायचे. पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा, मेंदू पोखरणारा आजार. लेकीच्या रक्ततपासणीतही तो दोष निघाला होता; हे आईला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीचे तीन गर्भ प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेले होते. त्यांतला निरोगी कुठला, हे पोटात रुजवण्याआधीच चाचणीतून कळणार होतं.

"गर्भाला सुई लावाल तर जीव कोमेजेल!" बाबा गरजले. "या अंगठीला ना यंत्र लागतं, ना रिपोर्ट, ना अपॉइंटमेंट!"

"तुमची मात्र लागते," लेक पुटपुटली.

"गप गं भवाने!" आईने चिमटा काढला.

बाबांनी तीन गर्भांचे फोटो ओळीने मांडले आणि दोऱ्याला बांधलेली अंगठी आईच्याच हातात दिली. "मधल्यात मला तेज दिसतंय. बघू, आजीची माया काय म्हणते!"

मधल्या फोटोवर अंगठी गरगर फिरली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंस? हाच माझा नातू. चाचणीबिचणी काही नको. तुला कुठे काय झालंय?"

लेकीने तिन्ही फोटो गोळा करून पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याचा घास घशात अडकला आणि आई गेली. या आजारात गिळणंही बिघडतं.

"आईंची शेवटची इच्छा आहे," काही दिवसांनी लेकीचा नवरा म्हणाला. "चाचणी नको, मधलाच रुजवूया."

लेकीने वाद घातला नाही. आईच्या बोटातली अंगठी दोऱ्याला बांधून खिळ्याला टांगली आणि तिच्याखालून एकेक फोटो सरकवला. अंगठी ढिम्म. मग दोरा तिने नवऱ्याच्या हातात दिला.

"उजव्या फोटोत तेज आहे, असं समज."

हळूहळू अंगठी उजव्या फोटोवर घुमू लागली. "अगं, मी हलवत नाहीये!"

"मुद्दाम नाहीस हलवत. मनात भरवलेलं बोटं गुपचूप करतात. आईच्या हाताला तर तेवढंही लागलं नसेल. तिचा आजार अंगठी फिरवत होता, आणि आपण टाळ्या वाजवत होतो."

त्यांनी चाचणी करून घेतली. तिन्ही गर्भांत दोष निघाला. मधल्यातही.

"पुन्हा प्रयत्न करता येईल," डॉक्टर म्हणाल्या, "पण यश येईलच, असं मी सांगणार नाही."

चाचणीने पदरात काही टाकलं नाही. फक्त फसवलं नाही. तुमच्यापुढे कुणी अंगठी फिरवली, तर आधी ती खिळ्याला टांगून बघा. हात जोडायचे की नाही, ते मग ठरवा.

घरी आल्यावर लेक आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली. हात मांडीवर घट्ट धरून ती मोठ्याने म्हणाली, "आई, मलाही आहे गं."