चोथ्यातला कडूपणा

वडील गेल्यावर ती पहिल्यांदाच अर्काच्या खोलीत आली, ती काकांना हातभार लावायला. काका बाटल्यांना लेबलं चिकटवत बसले होते. लेबलावर वडिलांचं, तिच्या अण्णांचं नाव, बाटलीत हिरवागार अर्क. वडिलांचा अर्क इतका देखणा कधीच नव्हता. तपकिरी, गढूळ, कपात उरलेल्या चहासारखा.

"रंग बघ! गिऱ्हाईक बाटली खाली ठेवत नाही," काका म्हणाले.

तिनं गाळून टाकलेल्या पानांचा चिमूटभर चोथा उचलून चावला. वडील दर खेपेला हेच करायचे. चोथा बेचव लागला, की औषध अर्कात उतरलं. हा मात्र जहर कडू होता.

"स्पिरिट केवढं कडक घेतलंत?"

"एकदम कडक. पाण्याचा थेंब नाही. दादाचं ते निम्मं पाणी म्हणजे नुसता वेळकाढूपणा."

"काका, या पानातला कडूपणा पाण्याशिवाय सुटत नाही. नुसतं स्पिरिट हिरवा रंग ओढून घेतं, औषध चोथ्यातच राहतं. तुम्ही जन्मभर त्यांच्या शेजारी उभे होतात."

"चार पुस्तकं वाचलीस म्हणून मला शिकवू नकोस. दादाला विचारूनच केलंय. चोथा मी स्वतः त्याच्या तोंडात घातला. त्यानं मान डोलावली."

"कधी?"

"अंथरुणाला खिळला होता तेव्हा."

ती स्टुलावर बसली. तेव्हा वडिलांना मीठ आणि साखर सारखीच लागत होती. "दादा, तुला आता रद्दी वाढली तरी चालेल," अशी थट्टा काकाच करायचे, आणि वडीलही हसायचे. स्वतःची जीभ गेल्यावर ते भावाच्या जिभेवर विसंबले असणार. घास भरवावा तसा त्यांना चोथा भरवला, आणि त्यांच्याकडून होकार काढून घेतला.

तिनं घमेल्यात पाणी घेतलं, बाटल्या बुडवल्या आणि लेबलं सोलायला लागली.

"अगं, वेड लागलंय का? छापून आणलीत ती!"

"अण्णांचं नाव यावर जाणार नाही."

"मग काय बिननावाच्या विकू? कुणाचं नाव घालू?"

"तुमचं घाला."

काकांनी एक ओली बाटली उचलली, उजेडात धरून उलटसुलट केली. मग ती हळूच खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

"माझं नको," ते म्हणाले.