कमी-जास्त झालं तर सांगा

गल्लीत तिला सगळे बाहीवाली म्हणत. शर्ट काय, कुणीही शिवतं. पण बाही अशी बसवायची की हात वर केला तरी शर्ट खालून उचलला जाऊ नये, हे तिलाच जमायचं. तीस वर्षं मान खाली घालून तिनं मशीन चालवलं. शेवटी मानच म्हणाली, बाई, आता पुरे.

तेव्हा लेकीनं तोड काढली. "आई, तुझं कटिंग कागदावर उतरव. त्याची फाइल करून ऑनलाइन विकू. लोक घरी छापतील, पानं चिकटवतील आणि आपापलं शिवतील. एकदाच कष्ट. मग तू झोपलीस तरी माल विकला जाईल."

"मी झोपले की माल चोरीला जातो, एवढंच मला माहीत," बाहीवाली म्हणाली. तरी चार महिने खपून तिनं फाइल केली. शर्टाची सात मापं, सोळा पानं, प्रत्येक रेघ तिच्या हातची. लेकीनं ती ऑनलाइन दुकानाच्या पानावर चढवली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती अशी खपायला लागली की बाहीवालीनं गिऱ्हाइकांचं काम घेणं बंद करून टाकलं.

घोटाळा शेवटच्या पानावर होता. तयार कपडा हातात देताना कुठलाही शिंपी म्हणतोच, "कमी-जास्त झालं तर सांगा, करून देईन." न म्हणता कपडा द्यायचा म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारता वाटेला लावण्यासारखं. दहातलं एखादंच गिऱ्हाईक परत येतं, आणि त्याचाही निम्मा वेळ गप्पांत जातो. बाहीवालीनं सवयीनं तेच वाक्य लिहिलं आणि खाली स्वतःचा फोन नंबर घातला. लेकीच्या ते लक्षात आलं तोवर फाइल हजारभर घरांत पोचली होती. नव्या फाइलीतून नंबर काढता आला. लोकांच्या घरातून कसा काढणार?

आणि इथं दहातले नऊ परत येत. कुणी छापताना 'पानात बसवा' हे बटण दाबून नवऱ्याचा शर्ट पोराच्या मापाचा करून ठेवी. कुणी दोन्ही बाह्या डाव्याच कापी. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. नंबर बदलू म्हटलं, तर लेकीनं लोकांचे अभिप्राय पुढ्यात धरले. शर्टाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं : ताई फोन उचलतात.

आता मान मशीनऐवजी फोनवर वाकू लागली, एवढाच काय तो फरक.

तिच्या अक्काला मात्र यातलं काही कळत नव्हतं. थोरल्या बहिणीला एकच ठाऊक होतं : दोघींनी चार दिवस समुद्रावर जायचं ठरवून सव्वीस वर्षं झाली होती, आणि दर वेळी कुणाचा तरी घाईचा कपडा आडवा आला होता. या खेपेला अक्कानं बसची तिकिटं आधीच काढली. चारची बस. तीनला ती पिशवी घेऊन दारात हजर.

"आवरलंस?"

"आवरलं." बाहीवालीनं खरंच आवरलं होतं. चपलासुद्धा घातल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"उचलू नकोस," अक्का म्हणाली.

"एकच मिनिट."

पलीकडे एक गाडीचालक होता. अपघातात मोडलेला डावा हात आखूडच जुळला होता. "ताई, डावी बाही दोन इंच कमी कापली, तरी खांद्यात ओढतेय. दुकानात विचारायची लाज वाटते, म्हणून घरीच शिवतोय."

बाहीवाली खुर्चीत बसली. कितीतरी महिन्यांत कुणी तिला असा खरा शिंपीकामाचा प्रश्न विचारला नव्हता. "दादा, आधी खांद्यापासून कोपरापर्यंत मापा. मग कोपरापासून मनगटापर्यंत. तूट नेमकी कुठं आहे ते बघू."

तो टेप शोधायला गेला. टेप सापडली, चष्मा सापडेना. साडेतीन झाले. अक्का पलंगाच्या कडेवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तुझी जुनी गिऱ्हाइकं बरी होती गं," ती म्हणाली. "दार लावलं की जायची तरी."

मग तिला राहवेना. ती फोनच्या तोंडाशी वाकून ओरडली, "अहो भाऊ, हिची बस चुकतेय!"

"अरे देवा! मग बोलायचं नाही का ताई? जा, जा तुम्ही. शर्ट काय, पुढच्या आठवड्यात शिवेन." त्यानं लगेच फोन ठेवला.

वीस मिनिटं हातात होती आणि थांबा कोपऱ्यावरच होता. कुणीही तिला धरून ठेवलं नव्हतं.

बाहीवाली उठली नाही. तूट कोपराच्या वर असेल तर खांद्याचा उतारच बदलावा लागणार, हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तो आता पुन्हा बाहीच कापत बसणार आणि कापड वाया घालवणार.

"चल की," अक्का म्हणाली.

"तू हो पुढं. एवढं त्याला सांगते आणि आलेच."

अक्का रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती नुसती म्हणाली, "त्यानं सोडलं की गं तुला." मग पिशवी उचलून जिना उतरली.

बाहीवालीनं गाडीचालकाचा नंबर लावला. तो दुसऱ्या फोनवर होता. तिनं पुन्हा लावला. खिडकीतून थांबा दिसत होता. अक्कानं बाकावर शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. तिसऱ्यांदा लावला. बस आली, अक्का चढली, खिडकीपाशी बसली आणि तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

तेव्हा कुठं त्यानं फोन उचलला. "ताई? तुम्ही गेला नाहीत?"

"कात्री खाली ठेवा आधी," बाहीवाली म्हणाली, आणि पायातल्या चपला काढून तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.