चौथ्या कोपऱ्यातला चौकोन

शमशादच्या बॅटरीचं स्टिकर शेळीला चिकटलं, हे मी स्वतः पाहिलंय. ज्याला खोटं वाटेल त्यानं मे महिन्यात सोलापुरात येऊन भर दुपारी भिंतीला पाठ लावून दाखवावी, मग बोलू.

शमशाद आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या बनवते. युरोपातल्या एका गिऱ्हाइकाला त्या पसंत पडल्या होत्या. पण तिकडं आता नियम आलाय. २०२७ पासून असल्या प्रत्येक बॅटरीची कुंडली इंटरनेटवर पाहिजे. आतला माल कुठल्या खाणीतला, बनवताना धूर किती झाला, म्हातारी झाल्यावर तिला उघडायचं कसं, सगळं. आणि ती कुंडली ज्यातून उघडते तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कोड बॅटरीच्या अंगावर पाहिजे, तोही ती मरेपर्यंत न पुसणारा.

माहिती शमशादनं खपून खपून भरली. कोड मात्र टिकेना. धातूवर कोरायचं यंत्र पुण्याहून निघालं होतं म्हणे. ते अजून पुण्यातच जेवत होतं. स्टिकर लावलं तर उन्हानं गोंद पातळ झाला. स्टिकर बॅटरीवरून उतरलं, उंबरा ओलांडला आणि सावलीतल्या शेळीच्या पोटाला जाऊन चिकटलं. शेळीवर मोबाईल धरला तर छत्तीस व्होल्ट. चार्जर कुठं लावायचा, ते मी विचारलं नाही.

सोमवारी त्या गिऱ्हाइकाकडच्या तपासणीच्या बाई व्हिडिओ कॉलवर येणार होत्या. त्यांच्या मोबाईलनं कोड वाचला तर ऑर्डर पक्की, नाहीतर शमशादनं पुन्हा लोकांच्या पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करत बसायचं.

तेव्हा मीच तिला पूर्व भागात महेश्वरकडं नेलं. महेश्वर चादरी विणतो. त्याच्या चादरीत माणूस फिका पडेल, रंग नाही. बॅटरीला झबलं घालावं तसं कोड विणलेलं कव्हर घालायचं, अशी माझी अक्कल. त्यानं कोडचा कागद उलटासुलटा करून पाहिला, मान हलवली आणि बाई लांबून बघणार म्हणून नमुना अख्ख्या चादरीएवढा विणून आणला.

सोमवारी चादर जमिनीवर अंथरली, शेजारी बॅटरी ठेवली. शमशाद स्टुलावर चढून वरून मोबाईल धरून उभी. तिकडं बाईंनी आपला मोबाईल कॉम्प्युटरच्या पडद्याला लावला. काही उघडेना. कोड कुठून वाचायचा ते कळेना म्हणून मोबाईल असा गरगरला की बाईंनाच घेरी आली आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

तेवढ्यात शमशादनं कागद आणि चादर ताडून पाहिली. कोडच्या तीनच कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात; त्यावरून मोबाईलला वरची बाजू कळते. चादरीत चारही कोपऱ्यांत होते.

"एक कोपरा बोडका सुटला व्हता," महेश्वर म्हणाला. "मी भरला की. तीन कोपऱ्याची चादर कोण घेतंय?"

त्याला वाटलं, आभार मानतील. शमशादनं तो कोपरा दुमडू का विचारलं, तर गडी फुगला. कुणी दुमडू नये म्हणून त्याच कोपऱ्यावर, आमच्याकडं पाठ करून, मांडी घालून बसला.

बाई पाणी पिऊन आल्या, मोबाईल लावला आणि टिंग! सगळी कुंडली उघडली.

शमशादनं मला डोळ्यानं खुणावलं. बाईंचं वाचून होईपर्यंत महेश्वरला उठू द्यायचं नव्हतं. तो जरा कलंडला की खालचा चौकोन डोकवायचा आणि तिकडं पडद्यावरची खाण गायब व्हायची. मी त्याच्या चौकोनाचं कौतुक करत कपामागून कप चहा पाजत सुटलो. इतका चहा प्यायलेला माणूस फार वेळ बसून राहत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो चुळबुळायला लागला आणि नेमकं तेव्हाच बाईंनी विचारलं, की हे गृहस्थ बॅटरीसोबतच येतात का?

शमशाद स्टुलावरून उतरली.

"महेश्वरमामा, तुमी बसलाय म्हणून चाललंय. तुमच्या चौकोनानंच बंद पडलं व्हतं. आता प्रत्येक बॅटरीमागं तुमाला युरोपात बसवू का?"

त्यानं बराच विचार केला. "जेवायला काय देतेत तितं?"

"पाव."

"मग काढतो चौकोन," तो म्हणाला. "पण कोपरा बोडका न्हाय ठेवायचा. मोर बसवीन, बारका."

शमशादनं बाईंना विचारलं. मोबाईल वाचत असेल तर मोराला हरकत नाही, असं उत्तर आलं. ते ऐकून महेश्वर उठला आणि परसाकडं पळाला.

मोराचं कव्हर बॅटरीच्या मापानं झालं, बाईंच्या मोबाईलनं एका दमात वाचलं, आठवड्यात ऑर्डर आली. त्यात खाली लिहिलं होतं, मोर सक्तीचा.

शमशादनं ते महेश्वरला वाचून दाखवलं. तो खूश झाला, मग विचारात पडला आणि म्हणाला, "मग बाकीच्या तीन कोपऱ्यांनी काय पाप केलंय?"

शेवटचं कव्हर उतरेपर्यंत शमशाद त्याच्या मागाशेजारून हलली नाही.