ईरम्माच्या गाडीवरची बत्ती

ईरम्माची गाडी उठली असती, तर गंगाधररावांच्या पदरात काय पडलं असतं, ते आधी मांडून ठेवते. रात्रीची सलग झोप, वसाहतीच्या तोंडाशी मोकळा कोपरा, सभासदांची वाहवा आणि चिटणीसपदाची खुर्ची आणखी वर्षभर बुडाखाली. सौदा काही वाईट नव्हता. जमेच्या बाजूला एवढं दिसलं, की खर्चाच्या बाजूला कुणाचं नाव पडतंय हे माणसं सहसा बघत नाहीत. मी बघते. मला दुसरं कामच काय! मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे. जिचा उजेड पडतो, तिला सगळ्यांचे चेहरे दिसतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते माझ्या पितळी टाकीवर कोरलेलं होतं. राखेनं आणि चिंचेनं घासून घासून ती अक्षरं गेली, तेव्हा माझं कूळ विचारू नका. मला आठवतं ते सोलापुरातलं मडिवाळप्पांचं दुकान. लग्नाच्या वरातींना बत्त्या भाड्यानं द्यायच्या, हा त्यांचा धंदा. दुकानात वाक्य कानडीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. त्यामुळे मला दोन्ही भाषा समजतात. बोलता मात्र एकही येत नाही. पोटात हवा भरली की 'सूंऽऽ' करायचं, एवढंच माझं बोलणं.

स्वभाव म्हणाल तर चुळबुळ्या. मला स्वस्थ बसता येत नाही. घटकाघटकानं हवा मारा, मध्येच पिन फिरवा, झुळूक आली की माझी जाळी थरथरते. पण वरातीत हीच चुळबूळ शोभून दिसायची. बाईच्या डोक्यावर बसून मी नवरदेवाच्या पुढे चालायचे. पोरं माझ्या उजेडात नाचायची, म्हातारी माणसं म्हणायची, "बत्ती लई झकास हाय की मडिवाळप्पा!" आणि मडिवाळप्पा अशी मान डोलवायचे, जणू ते स्वतःच पेटले आहेत.

मग वरातीत विजेच्या नळ्या आल्या. मी फळीवर गेले. माझ्या पोटातलं रॉकेल आटलं, काचेवर कोळ्यानं जाळं विणलं. मित्रांनो, पेटलेल्याला हलू नको म्हणणं सोपं असतं. विझलेल्याची तगमग कुणाला दिसत नाही.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा ईरम्मा दुकानात आली. ती अक्कलकोटकडची. अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या शेडा उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या अलीकडे नोकरदारांची नवी वसाहत वसली होती. त्या वसाहतीच्या कोपऱ्यावर रात्री जेवणाची गाडी लावायचं तिनं ठरवलं होतं. तिला बत्ती हवी होती, आणि भाडं द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं. तिनं पदराखालून फडकं काढलं, सोडलं. आत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मडिवाळप्पांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि फळीकडे बोट दाखवलं.

"ती पोचा पडलेली घेऊन जा. भाडं नको. मी आलो की चटणी द्यायची."

फळीवरची अडगळ गेली आणि जन्माची चटणी मिळाली. मडिवाळप्पा व्यवहाराला कच्चे नव्हते.

वसाहत म्हणजे काय, तर नवी घरं, कच्चा रस्ता आणि साडेआठनंतर खायला काही नाही. स्टेशनावर जा नाहीतर एसटी स्टँडवर, आणि दोन्ही लांब. शेडांची दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची. सुताच्या कणांनी केस पांढरे झालेली माणसं सायकलींवरून यायची आणि माझा उजेड दिसला की पायडल मारायचं थांबवायची. ईरम्माच्या हातात एकीकडे भाकरी, एकीकडे झुणक्याचा डाव. जास्त बोलायला सवड नसे. फळीवर नवं माणूस टेकलं की ती मान वर न करताच विचारायची, "ऊट?"

कानडीत ऊट म्हणजे जेवण. जेवणार का, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक म्हणायचं, "वाढ, आक्का." एवढ्यात सगळा व्यवहार.

आता गंगाधरराव. सरकारी कचेरीत कारकून, वसाहतीचे चिटणीस, आणि मूळचे कोकणाकडचे. नुकतेच बदलून आलेले, त्यामुळे कानडीचा गंध नाही. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. रात्री कचेरीतून उशिरा सुटेपर्यंत खानावळ बंद झालेली असायची. त्यात माझ्या 'सूंऽऽ'नं आणि सायकलींच्या घंटांनी आपली झोप मोडते, अशी त्यांची तक्रार होती. खरं सांगायचं तर झोप मोडत होती त्यांची भूक. पण भुकेविरुद्ध अर्ज करता येत नाही, बत्तीविरुद्ध करता येतो.

एका रात्री ते सायकल घेऊन निघाले, ते मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात फक्त चहा उरलेला. दुसरीकडे भजी होती, पण सकाळची. तिसऱ्यानं आतूनच सांगितलं, "भट्टी इझली मालक." गाव पालथं घालून ते परत वसाहतीच्या तोंडाशी आले, तर झुणक्याला फोडणी बसत होती. थोडे घुटमळले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वसाहतीतलं कुणी जागं नाही अशी खात्री झाल्यावर फळीच्या टोकाला हळूच टेकले.

ईरम्मानं भाकरी उलटली. "ऊट?"

गंगाधरराव ताडकन उभे राहिले. त्यांचा चेहरा माझ्या उजेडात आधी पांढरा झाला, मग लाल.

"मला? मला ऊठ म्हणते?"

ईरम्मानं मान वर केली. "व्हय. ऊट."

"निदान उठा तरी म्हण!" असं म्हणून त्यांनी सायकल ओढली आणि निघून गेले. ईरम्मा तव्याकडे बघत राहिली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एनायतु?" काय झालं, असं ती मला विचारत होती. मला सगळं कळलं होतं. मी सूं केलं. त्या रात्री माझी जाळी दोनदा काजळली.

पुढची सभा मोकळ्या जागेवर भरली. सतरंज्या अंथरल्या, आणि नेमकी वीज गेली. त्या दिवसांत वीजकपात असायचीच. कुणीतरी म्हणालं, "त्या गाडीवाल्या बाईची बत्ती आणा की." ईरम्मानं लगेच दिली, वर टाकीत रॉकेलही ओतून दिलं. सभा कशाची, हे तिनं विचारलं नाही. मोठ्या माणसांची सभा, आपल्या बत्तीला बोलावणं, तिला कौतुकच वाटलं.

आणि माझ्याच उजेडात गंगाधरराव उभे राहिले.

"धूर तर आहेच. पण मी स्वतः अनुभव घेतला. बाई उर्मट आहे. बसलेल्या माणसाला ऊठ म्हणते, अरे-तुरे करून!"

"काय सांगता!" सभा हळहळली. पुढच्या रविवारी ठराव पक्का करायचा आणि पालिकेची माणसं आणून गाडी हलवायची, असं ठरलं.

मित्रांनो, ज्या सभेत आपल्या मालकिणीला हुसकायचं ठरतंय, तिथं उजेड पाडत बसणं काय असतं, ते तुम्हांला कसं सांगू? विझावंसं वाटलं. पण हवा चांगली भरली होती. सभा लांबत मध्यरात्र उलटून गेली, आणि तिकडे गाडी अंधारात होती. दुसऱ्या पाळीची माणसं अंधार बघून, आज गाडी नाही असं समजून, उपाशी पुढे गेली. भाकऱ्या उरल्या.

ईरम्माला दुसऱ्या दिवशी एका सभासदानं बजावलं, "बाई, पुढच्या रविवारनंतर इथं लावायची नाही. लोकांना बसल्या जागेवरून उठवता म्हणे."

"मी? कुणाला उठवला मी? मी तर बशीवते!"

दोन रात्रींनी मडिवाळप्पा चटणीसाठी आले. ईरम्मानं त्यांना सगळं सांगितलं. डोळे पुसले नाहीत, कारण हात पिठाचे होते. तेवढ्यात गंगाधरराव सायकलवरून जाताना दिसले, तसेच रिकाम्या पोटी. मडिवाळप्पांनी हाक मारली.

"ओ चिटणीससाहेब! जरा हिकडं या की. बाई काय म्हणली तुमाला?"

"ऊठ म्हणाली. तोंडावर."

"ऊठ का ऊट?"

"तेच ते!"

मडिवाळप्पांना आधी ठसका लागला, मग हसू. धोतराचा सोगा डोळ्याला लावून ते हसले. "अवो साहेब, ऊट म्हंजी जेवण! जेवता का म्हणून इच्यारत हुती ती. हितली माणसं 'ऊठ'ला पण 'ऊट'च म्हणत्यात, त्यात तुमचा काय दोष. पण इच्यारायचं तरी की!"

गंगाधररावांनी ईरम्माकडे बघितलं. तिनं मान हलवली आणि हातानं घास तोंडाशी नेऊन दाखवला. मग ते फळीवर बसले. भाकरी, झुणका, तेल घातलेली शेंगाचटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. असं जेवले, की त्यांना बघून मडिवाळप्पांनीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हात धुऊन गंगाधररावांनी खिशात हात घातला.

ईरम्मानं त्यांचा हात मागं सारला. "पैसे नको. तुमी सभेत बोललाव नव्हं? सभेतच बोला. तितं द्या."

"अहो बाई, मी ठराव आपोआप बारगळेल असं बघतो. गुपचूप. माझं हसं होईल."

"व्हणारच की," मडिवाळप्पा म्हणाले. "आमीबी येतो हसायला."

"सगळ्यांम्होरं मला वाईट बोललाव," ईरम्मा म्हणाली, "आता चांगला गुपचूप नको."

तो आठवडा गंगाधररावांना फार लांबला. माझा उजेड त्यांच्या सज्ज्यापर्यंत पोचायचा. ते येरझाऱ्या घालायचे, थांबायचे, पुन्हा घालायचे. देणं अंगावर ठेवून गाडीवर यायला तोंड नव्हतं, म्हणून पुन्हा स्टँडपर्यंत सायकल मारायचे आणि थंड वडा खाऊन परतायचे. इकडे ईरम्मानंही दुसरी जागा बघायला सुरुवात केली होती. कुठं पाणी नव्हतं, कुठं आडोसा नव्हता. हवा मारताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि मी मंद व्हायचे.

रविवारी पुन्हा सभा, पुन्हा वीज गेलेली. माणूस बत्ती न्यायला आला. ईरम्मानं मला उचललं. "देते. पण धरणार मी."

ती सतरंजीच्या कडेनं चालत थेट गंगाधररावांच्या शेजारी उभी राहिली. सभा कुजबुजली. मडिवाळप्पा मागं उकिडवे बसलेले होतेच. गंगाधरराव उठले. आधी रस्त्याच्या खडीवर बोलले. मग गटारावर. मग पिण्याच्या पाण्यावर. ईरम्मानं मला खाली ठेवलं, चार-सहा वेळा हवा मारली आणि पुन्हा वर धरलं. मी अशी भडकले, की त्यांच्या कपाळावरचा घाम शेवटच्या रांगेला दिसला असेल.

"आणि… गाडीबद्दल," ते म्हणाले. "मागल्या सभेत मी सांगितलं ते चूक होतं. बाई मला ऊठ म्हणाली नव्हती. जेव म्हणाली होती. मला कानडी येत नाही, आणि मी विचारलंही नाही. भूक लागली होती म्हणून गेलो होतो. परवा जेवलो. असं जेवण या वसाहतीत रात्री दुसरीकडे कुठं मिळत नाही."

मग कुणीतरी मागून ओरडलं, "चिटणीससाहेब, ऊट!" आणि सगळी सभा सतरंजीवर लोळली. मडिवाळप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ईरम्मा मात्र हसली नाही. तिनं मला आणखी थोडं वर धरलं.

गाडी राहिली. धूर खरा होता, म्हणून ती कोपऱ्यावरून थोडी पलीकडे, लिंबाखाली सरकली. चिटणीस दुसरे झाले, कारण ज्याला बघून हसू येतं त्याच्या हाती कोण कारभार देणार? रुक्मिणीबाई बाळ घेऊन परतल्या, आणि बाळंतिणीला अपरात्री लागणाऱ्या भुकेसाठी गंगाधरराव ताटली घेऊन लिंबाखाली येऊ लागले. पुढे लिंबाशेजारी पालिकेचा दिव्याचा खांब आला. आता मी ईरम्माच्या घरात खिळ्याला टांगलेली असते. माझी काच तडकली आहे. सणावाराला ती मला चिंच लावून घासते, आणि वीज गेली की अजून माझीच आठवण काढते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या बत्तीला कोळ्याच्या हवाली करू नका. तिला कधीतरी पुसा, पेटवा. आणि कुणाच्या उजेडात बसून कुणाबद्दल बोलत असाल, तर तो उजेड कुणाचा आहे हे एकदा मान वर करून बघा.

राहिली खर्चाची बाजू. गंगाधररावांनी एका जेवणाची किंमत खुर्ची देऊन चुकवली, ती त्यांच्या नावावर बरोबर पडली. मडिवाळप्पा फुकट हसले. वसाहतीला रात्रीचं जेवण मिळालं, तिनं काही दिलं नाही. आणि रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं, दोन्ही सभांना जळलेलं रॉकेल ईरम्माचं होतं. ते भरून द्यावं, असा ठराव कुणी मांडला नाही.