निळ्या रेषेपलीकडे कुणीतरी हवं

सगळा दोष त्या परिपत्रकाचा. पस्तीस वर्षं मी पोरींना ओरडून रिंगेट शिकवलं आणि एकीचंही डोकं फिरलं नाही. गेल्या हिवाळ्यात संघटनेकडून कागद आला की सात वर्षांखालच्या मुलांना नियम सांगू नका, गोष्ट सांगा; कौशल्य खेळातून आपोआप यायला हवं. मी म्हटलं, बरं बाई, तसं तर तसं. आणि दीड महिन्यात बेकर्स लँडिंग हे आमचं गाव वेड्यांच्या इस्पितळासारखं चालायला लागलं.

रिंगेटमध्ये फार काही गूढ नाही. पायात स्केट, हातात सरळ काठी, बर्फावर रबराची रिंग. काठीचं टोक रिंगेत खुपसायचं आणि पळायचं. एकच खरी अडचण आहे. मैदानावर आडव्या दोन निळ्या रेषा असतात, आणि रिंग घेऊन तुम्हांला ती रेषा ओलांडता येत नाही. रेषेपलीकडच्या सोबतिणीकडे ती ढकलावीच लागते. मग तुम्ही रिकाम्या हातानं खुशाल पलीकडे जा. एकटी कितीही चपळ असली तरी एकटीनं काही होत नाही, म्हणून तर मला हा खेळ आवडतो. पण पाच वर्षांच्या पोरीला हे समजावणं म्हणजे मांजरीला रांगेत उभं करणं.

म्हणून मी गोष्ट रचली. रिंग म्हणजे डोनट. निळी रेषा म्हणजे नदी. पलीकडे उपाशी अस्वल. डोनट घेऊन नदीत उतरलात की डोनटचा लगदा, अस्वल उपाशी. पलीकडच्या मैत्रिणीकडे सरकवलात तर डोनट कोरडा. आणि कोच कधीच डोनटला हात लावत नाही, कारण नाहीतर पोरी दर मिनिटाला रिंग माझ्याच पायात आणून टाकतात.

पहिल्याच शनिवारी दहाच्या दहा पोरींना जमलं. एरवी त्याला एक अख्खा हिवाळा जातो. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन स्वतःसाठी केक आणला. मला काय ठाऊक पुढं काय वाढून ठेवलंय!

मंगळवारी ओडेटच्या आईचा फोन. "एल्वी, किराणा दुकानात फरशीवर निळी पट्टी आहे ना, फ्रीजपाशी? ओडेटनं तिच्यावरून अंड्यांचा खोका ढकलला."

"मग?"

"मग काय? पलीकडे कुणीच नव्हतं!"

"हीच तर चूक झाली तिची," मी म्हणाले. "पलीकडे कुणी आहे का ते आधी बघायचं असतं." बाई फोन आपटून मोकळी झाली. आता कोच दुसरं काय बोलणार?

शाळेत वाचनालयाच्या दारात निळी पट्टी निघाली. तीन पोरी पुस्तकं घेऊन तिच्या अलीकडे पाऊण तास उभ्या. शेवटी मुख्याध्यापकांनी तिथं एका शिक्षकाची नेमणूक केली. त्याचं काम म्हणजे पलीकडे उभं राहून घेणं. तो शिक्षक मला नंतर म्हणाला, नोकरीत इतका उपयोगी मी कधीच नव्हतो.

मग मोठेही बिघडले. पोस्टात लोक खिडकीपुढच्या निळ्या रेषेपाशी थबकायला लागले आणि मागच्याला म्हणायला लागले, "जरा पुढं होऊन घेता का?" गावातला आहो नावाचा म्हातारा वारला तेव्हा तर कहर झाला. चर्चमध्ये मधोमध निळ्या गालिच्याचा पट्टा आहे. सहाजण शवपेटी घेऊन आले, तेवढ्यात त्याची नात सोलेन बाकावर चढून ओरडली, "थांबा! पलीकडून कुणीतरी घ्या!" पाद्री थांबला. सहाजण थांबले. आणि पलीकडच्या बाकांवरून आणखी सहाजण मुकाट्यानं उठले आणि त्यांनी हात पुढं केले. आहोला उभ्या जन्मात कुणी इतकं जपून घेतलं नव्हतं. त्याची बायको हुंदके देत हसली. मी खाली मान घालून बसले होते.

"गाव खुळं करून ठेवलंस," लायल प्रोव्होस्ट मला म्हणाला. लायल आमच्या बर्फाच्या मैदानाचा व्यवस्थापक. बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र तोच चालवतो, दारातलं बर्फ तोच उपसतो, आणि तेरा वर्षांखालच्या पोरांना हॉकी तोच शिकवतो. आम्ही पहिलीपासून एका वर्गात, त्यामुळे तोंडाला तोंड.

"तुझ्या पोरांना एकमेकांकडं बघायला शिकव, मग बोल," मी म्हणाले.

"माझ्या पोरांना सरावाला वेळ मिळू दे, मग बघतील. शनिवारचा आठचा तास माझा होणार, एल्वी. पत्र आलंय ना?"

आलं होतं. मैदान समितीच्या बोरोविक बाईंनी सहीनिशी लिहिलं होतं: हंगामाच्या सहाव्या शनिवारी, सव्वाआठ वाजता, रिंगेटच्या तासाला बर्फावर किमान दहा खेळाडू असले पाहिजेत, नाहीतर तो तास हॉकीला. माझ्याकडं बरोबर दहा पोरी होत्या. एकही जास्त नाही.

तुम्हांला वाटेल, एका तासाचं काय एवढं? मी अकरा वर्षांची असताना तो तास आम्हांला मिळाला. त्याआधी मुली काचेपलीकडून भावांचा खेळ बघायच्या आणि थर्मासमधलं सूप त्यांच्यासाठी धरून ठेवायच्या. माझी आई आणि आणखी चार बायका त्या वर्षी दर सोमवारी समितीच्या खोलीत जाऊन बसल्या, कुणी हो म्हणेपर्यंत. तो तास माझ्या हातून जाणार या विचारानं मला झोप लागेना. मी गेल्यावर कुठं जायचं ते जाऊ दे, पण माझ्या हातून नको.

सहाव्या शनिवारी तापमान उणे सव्वीस होतं. साडेसातला टेगनच्या बापाचा फोन आला: टेगनला कांजिण्या.

नऊ. मी स्केटची नाडी बांधत बसले आणि बांधलेलीच पुन्हा सोडली. हरलेच होते, पण पोरींना काय सांगणार? आठ जणी वेळेवर आल्या आणि बर्फावर नदी-नदी करत सुटल्या. नववी, मार्गो, आलीच नाही. काचेपलीकडं लायलची हॉकीची पोरं पिशव्या घेऊन आधीच येऊन बसली होती. सव्वाआठनंतरचा उरलेला तास आपलाच म्हणून.

आठ वाजून पाच मिनिटांनी बाहेर हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. मी स्केट काढून बाहेर पळाले.

दाराजवळ अपंगांच्या गाड्यांसाठी जागा आहे, चारी बाजूंनी निळी रेषा ओढलेली. गावातल्या रस्त्यांवरच्या सगळ्या रेषा डिसेंबरपासून बर्फाखाली गडप होतात, पण लायलला ही जागा डांबर दिसेपर्यंत खरवडायची सवय. त्या चौकोनात मार्गोच्या आजोबांची गाडी. आजोबांचा गुडघा धरलेला, ते आत बसून हॉर्न दाबत होते. आणि गाडीपुढं, रेषेपासून वीतभर अलीकडं, मार्गो. पाच वर्षांची, तिच्याएवढीच पिशवी धरून. एरवी त्याच वेळी येणारी कुणीतरी पोरगी पलीकडून तिची पिशवी घ्यायची. आज ती उशिरा आलेली, पलीकडे कुणीच नव्हतं.

"दे इकडं, बाळा," मी म्हणाले.

"कोच डोनटला हात लावत नाही," मार्गो म्हणाली. "तूच सांगितलंस."

"अगं, ही पिशवी आहे."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. तिच्या पापण्यांवर हिम जमायला लागलं होतं. आतल्या पोरींना बोलवावं, तर त्यांचे स्केट काढून बूट चढवेपर्यंत मोजणीची वेळ टळणार. आणि तेवढ्यात फावडं घेऊन लायल आला.

"तो हॉर्न कोण... हे काय चाललंय?"

"तिला रेषा ओलांडायचीय."

"मग ओलांड म्हणावं! उचल की तिला!"

"पिशवीसकट? लगदा होईल."

"कशाचा लगदा?"

"डोनटचा."

लायलनं आकाशाकडं पाहिलं. बहुतेक तो देवाकडं माझ्याविषयी काहीतरी मागत होता. मग तो रेषेपलीकडं, दाराच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हात पुढं केला. "टाक, पोरी."

"हातानं घेत नाहीत," मार्गो म्हणाली. "काठी कुठंय तुझी?"

"अगं, उणे सव्वीस आहे बाहेर!"

"काठी."

मी त्याला चाळीस वर्षं ओळखते असं म्हणायचे. खरं तर पन्नासच्या वर झाली. मला वाटलं, आता हा आत निघून जाणार, आणि मला त्याचा रागही येणार नाही. त्यानं फावडं उलटं केलं. दांडा खाली, पातं वर. आणि गुडघे वाकवून उभा राहिला.

मार्गोनं पिशवी ढकलली. लायल चुकला. पिशवी त्याच्या पायाला लागून परत रेषेअलीकडं आली.

"खाली बघू नकोस," मार्गो म्हणाली. "माझ्याकडं बघ."

दुसऱ्यांदाही चुकला. गाडीतले आजोबा काच खाली करून म्हणाले, "हॉकीवाला आहे तो, त्याला नाही जमायचं." तिसऱ्यांदा दांड्याचं टोक बरोबर पट्ट्याच्या फटीत गेलं. लायल ओरडला, अगदी पोरासारखा. मार्गो रिकाम्या हातांनी रेषेवरून आली आणि त्याच्या कोटाला धरून आत निघाली, जशी काही त्यांची जुनी ओळख. आत जाऊन तिला स्केट चढवायलाही तोच खाली बसला. माझी बोटं थंडीनं गोठली होती.

सव्वाआठला बोरोविक बाई कडेच्या फळीपाशी आल्या. बाई नेमक्या. त्यांनी पेन्सिलीनं एकेकीकडं बोट करत दोनदा मोजलं.

"नऊ."

"टेगनला कांजिण्या झाल्यात हो बाई," मी म्हणाले. "नाव आहे तिचं."

"कांजिण्या बर्फावर मोजता येत नाहीत, मिसेस हाकाला. मला वाईट वाटतं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, त्यामुळे मला भांडताही येईना. काचेपलीकडं पोरं पिशव्यांच्या चेनी उघडायला लागली होती.

"दहा आहेत," मार्गो म्हणाली.

"नऊ, बाळा."

"दहा. लायलनं घेतली. पलीकडून ज्यानं घेतली तो आपल्यातला असतो." बाकीच्या आठजणींनी माना डोलावल्या. यात वाद घालण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं.

मी हसणारच होते, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या पाटीला लावलेलं स्वतःचंच पत्र वर धरून वाचलं. पुन्हा वाचलं. "'किमान दहा खेळाडू'," त्या म्हणाल्या. "वय लिहायचं राहिलंय." मग यंत्राशेजारी उभ्या असलेल्या लायलकडं वळल्या. "मिस्टर प्रोव्होस्ट, तुम्ही खेळताय का?"

नुसतं 'नाही' म्हटलं की तास त्याचा. तीन वर्षं तो त्यासाठी अर्ज करत होता. काचेपलीकडून त्याची स्वतःची पोरं त्याच्याकडं बघत होती. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, माझ्यानं बघवेना. मी खाली बर्फाकडं बघत राहिले, आणि मनात आईची क्षमा मागितली.

मग त्याचा आवाज आला, चिडका, नेहमीसारखाच.

"एल्वी, माझ्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट आहे का इथं कुठं?"