प्रश्न न विचारणारं गिऱ्हाईक

बंदूक विकायला काढली तेव्हा वाटलं होतं, डोकेदुखी असेल ती कागदपत्रांची. पण ते सगळं दुकानदाराने चुटकीसरशी केलं. इथे अमेरिकेत, बॉथेलमधल्या एका बंदुकांच्या दुकानात मी आमची दुनळी घेऊन गेले. त्याने तिच्यावरचा नंबर टिपून घेतला, फोटो काढले आणि ती ऑनलाइन लिलावाच्या साइटवर चढवली.

"लिलाव कोणीही जिंकला तरी बंदूक परवाना असलेल्या दुकानातूनच मिळते," तो म्हणाला. "तिथे त्या माणसाची पार्श्वभूमी तपासतात, थोडे दिवस थांबवतात. तुम्ही काळजी करू नका."

काळजी करू नका म्हटलं की मला जास्तच लागते. उद्या ती कोणाच्या हाती जाईल आणि तो तिचं काय करील, ही धास्ती काही केल्या जाईना.

घर आवरून मी माझ्या मुलीकडे, विनीताकडे, बेलव्ह्यूला राहायला जाणार होते. तिची अट एकच. "आई, तुझ्या लोणच्याच्या बरण्या आण, सगळे देव आण. बाबांची गन मात्र माझ्या घरात नको."

बाबांची गन म्हणायची एवढंच. माझ्या यजमानांनी, चंद्रशेखरांनी, जन्मात कधी बार काढला नाही. आम्ही पहिल्यांदा राहिलो ते डोंगरांच्या पलीकडे, सफरचंदांच्या बागांच्या गावात. हे तिथल्या हॉस्पिटलात सर्जन होते. वॉल्टर नावाच्या एका बागवाल्याचा यंत्रात अडकलेला हात यांनी वाचवला, आणि बरा झाल्यावर तो त्याच हातात ही बंदूक घेऊन दारात उभा राहिला. नाही म्हणणं हा त्याचा अपमान झाला असता. यांनी ती कुलपात ठेवली.

दसऱ्याला मात्र ती बाहेर यायची. यांचे मित्र गुरुनाथ आणि त्यांची बायको रत्ना आमच्याकडे असायचे. "घरात शस्त्र आहे ना, मग पूजेला लागतंच," असं रत्नाने ठरवून टाकलं. स्टेथोस्कोप, माझं शिलाईयंत्र आणि मधोमध वॉल्टरची बंदूक. आपटा कुठला मिळायला! आम्ही सफरचंदाची पानं एकमेकांना सोनं म्हणून द्यायचो. कोरडं कुंकू लाकडावरून झडतं म्हणून रत्ना ते तेलात कालवायची आणि दस्त्यावर ठसठशीत बोट ओढायची. वर्षानुवर्षं. अक्रोडाच्या लाकडात ते इतकं मुरलं की पुसून निघेना.

लिलावाच्या फोटोत नेमका तोच डाग उठून दिसत होता. त्याखाली लोकांचे प्रश्न येऊ लागले. हे रक्त आहे का? गंज आहे का? ओरेगनमधला एक माणूस तर हात धुऊन मागे लागला. डाग कसला, तेल कुठलं, आधीचा मालक कोण.

"हा नक्की काहीतरी लपवतोय," मी विनीताला म्हणाले. "एवढ्या चौकशा कशाला?"

"अगं, कलेक्टर असेल. जुन्या गन्सवाले असेच असतात. रिलॅक्स!"

मी रोज आयपॅडवर बोल्या बघू लागले, आणि मग माझं लक्ष भलतीकडेच गेलं. एक बोली लावणारा होता. खातं नवं, नाव टोपण. कोणी वर गेलं की तो लगेच त्याच्या वर जाई. पण त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. लाल डाग बघून सगळी अमेरिका दचकली, आणि हा दचकला नाही. का?

कारण त्याला ठाऊक होतं की ते कुंकू आहे.

बंदूक ऑनलाइन विकणार असल्याचं विनीता सोडली तर आपल्यापैकी एकाच माणसासमोर मी बोलले होते. रत्नाच्या तेराव्याला, गुरुनाथांपाशी. त्यानंतर त्यांनी रत्नाच्या समया मंडळाला देऊन टाकल्या. स्वतःची पेटी माझ्या घरी आणून ठेवली. "वाजवत नाही हल्ली," म्हणाले. मी तेव्हा त्याला आवराआवर समजले होते. आता ती आवराआवर मला वेगळी दिसू लागली.

त्यांना मी दुपारी चहाला बोलावलं. आले. शर्ट इस्त्रीचा, दाढी मात्र वाढलेली.

"भाऊजी, ती बंदूक मी लिलावातून काढून घेतली हो. आज सकाळीच."

"छे! आत्ता निघताना बघितली मी, होती की."

बोलून गेले आणि कप बशीत ठेवला.

"तुम्ही कशाला बघत होता?"

"वहिनी, तुम्ही पोलिसांत जायला हवं होतं."

"हसण्यावारी नेऊ नका."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "रत्नाच्या बोटाचं कुंकू आहे त्याच्यावर. परक्याच्या घरात जाऊ नये असं वाटलं. तुमच्याकडे मागायला संकोच वाटला. बेकायदा काही केलं नाही मी."

खरंच नव्हतं केलं. कायदा त्यांना सगळं विचारणार होता आणि ते सगळ्यात पास होणार होते. संध्याकाळी जेवायला समोर कोण बसतं, एवढंच त्यांना कोणी विचारणार नव्हतं. आणि कारण तर असं दिलं होतं की माझेही डोळे भरून आले. तरी मला ते पुरेना.

"मग असं करू," मी म्हणाले. "दुकानदार दस्ता सोडवून देईल. कुंकू लाकडावर आहे. लाकूड तुम्ही न्या. लोखंड त्या ओरेगनवाल्याला जाऊ दे."

नुसतं कुंकवासाठी असतं तर त्यांनी चटकन हो म्हटलं असतं. ते गप्प बसले. चहावर साय धरली.

"भाऊजी, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात होतं का?"

"फार वाईट बाई आहात तुम्ही, वहिनी," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रोज नाही येत मनात. पण कपाटात असलेली बरी, असं वाटायचं."

मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलाला, टेक्ससला असलेल्या अवधूतला, फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्ही सांगा. अडखळलात तर मी आहे." ते अडखळले. मी होते. पलीकडून अवधूत म्हणाला, "काकू, मी उद्याच निघतो. तोवर त्यांना सोडू नका." त्यानेच मग आमच्या डॉक्टरांशी बोलून सकाळची वेळ ठरवली.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो आणि दस्ता सोडवायला सांगितला. दुकानदाराने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "असं केलं तर किंमत पडेल, मॅडम."

"पडू दे. आणि त्या ओरेगनवाल्याला कळवा, डाग कुंकवाचा होता."

परतताना गुरुनाथ माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर कागदात गुंडाळलेला दस्ता. त्यांच्या घराचं वळण आलं तेव्हा त्यांनी बोट दाखवलं.

"वहिनी, इथे वळायचं."

"आज नाही," म्हणून मी गाडी सरळ पुढे नेली. "पेटी माझ्याकडे आहे. आणि भात दोघांचा लावलाय."