चाळीस वाक्यांचे बाबा

विभागाच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली 'संशोधनाचे विषय' असा मथळा आहे आणि त्याखाली लिहिलंय : आजारपणामुळे बिघडलेलं बोलणं संगणकाला समजावणं. वाचलं की माझंच मला हसू येतं. हसू कसलं, तळपायाची आग मस्तकात जाते.

अर्धांगवायूनंतर बाबांचं बोलणं आईशिवाय कोणालाच कळेना. पुढे आईही अंदाजाने मान हलवायला लागली. म्हणून तर पीएचडीला मी हा विषय घेतला. बाबांना आपलं म्हणणं पुन्हा सांगता यावं, एवढंच हवं होतं मला. रोजच्या गरजेची चाळीस वाक्यं काढली. पाणी हवंय, खिडकी उघड, दिवा बंद कर, अशी. बाबांनी ती पुन्हा पुन्हा म्हटली. घाम फुटायचा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, पण एकदाही कंटाळले नाहीत. लेकीची डिग्री होती ना.

त्या रेकॉर्डिंगची वाटणी लॅबमधल्या सीनियरने केली. काही, बाबांचं बोलणं ओळखून ते स्पष्ट आवाजात म्हणणाऱ्या प्रोग्रामला शिकवायला, काही त्याची परीक्षा घ्यायला. सीनियरला आम्ही 'टक्केवारी' म्हणायचो, त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. निकाल पंच्याण्णव टक्के लागला. माझ्या गाईड सरांनी पेपर जर्नलला धाडला, तो स्वीकारलाही गेला. मी प्रोग्राम बाबांच्या फोनमध्ये टाकला आणि आईला म्हटलं, "सुटलात आता."

आठवड्याभरात आईचा फोन आला. "अगं, ह्यांचा पाय दुखत होता, पाय धरून बसले होते. आणि तुझं ते म्हणतंय, दिवा बंद कर!"

मी टक्केवारीची वाटणी उघडून पाहिली. तीच चाळीस वाक्यं, शिकवणीतही आणि परीक्षेतही. घोकून घेतलेले प्रश्नच पेपरात घालायचे आणि पोरगं हुशार म्हणून मिरवायचं, तसला प्रकार.

तशीच सरांकडे गेले. "सर, ह्याला बोलणं कळतच नाही. नुसतं पाठ झालंय."

"नव्या वाक्यांवर चालतं, असं आपण पेपरात लिहिलंय का?"

"नाही, पण..."

"मग खोटं काय आहे त्यात? छापायला जायच्या आधी मर्यादा म्हणून शेवटी एक ओळ टाक. आणि घरचं रडगाणं लॅबमध्ये आणू नकोस."

मी ती ओळ टाकली. दुसऱ्या कोणाला कशाला शिव्या घालू?

सुट्टीत घरी गेले. बाबा खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर होता. आई खूश दिसली. "आता अजिबात चुकत नाही हं तुझं मशीन."

"असं कसं? मी तर त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"अगं, ह्यांनाच कळलंय त्याला काय काय कळतं ते. तेवढंच बोलतात."

बाबांच्या मांडीवरचा फोन उचलून मी बंद केला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाबा, ते राहू दे. माझ्याशी बोला. काहीही बोला. नाही कळलं तर पुन्हा विचारीन."

त्यांचे ओठ दोनदा हलले, थांबले. मग मला त्रास होऊ नये म्हणून, रेकॉर्डिंगच्या वेळी म्हणायचे तसंच, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "पा-णी ह-वं-य."

मी पाणी आणलं. त्यांनी पेला हातात घेतला, आणि न पिताच खाली ठेवला.